काकांना दुसरं पार्किंग नको होतं

पार्किंगचं पत्र काकांनी पूर्ण वाचलं, चष्मा काढला, पत्राची नीट घडी घातली आणि माझ्या हातात परत दिलं. "माझा भाव ठरवायला आलात का तुम्ही?" एवढंच म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले. काकूंनी आणलेला चहा तसाच राहिला, आम्ही तिघं कमिटीवाले चपला घालून जिना उतरलो. जिन्यात चेअरमन म्हणाले, अहो पाचवा मजला दिला, पूर्वेची बाजू दिली, एकाच्या जागी दोन पार्किंग दिली, आता आणखी काय आणि कुठून आणायचं?

हे मागच्या वर्षीच्या फेब्रुवारीतलं. गेल्या आठवड्यात आमची चोवीस घरं भाड्याच्या जागांमध्ये पांगली, रीडेव्हलपमेंटसाठी पाडायच्या म्हणून पुण्यात कर्वेनगरातल्या आमच्या बिल्डिंगभोवती निळे पत्रे लागले, आणि मला राहवेना म्हणून आज लिहायला बसलेय. कारण त्या वर्षभरात वाटाघाटी ह्या गोष्टीबद्दल मी जे शिकले ते सोळा वर्षांच्या नोकरीत शिकले नव्हते, आणि माझी नोकरीच मुळात घासाघीस करण्याची आहे.

भोसरी एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी पर्चेसला आहे. ब्रॅकेट, बुश, पिना, शीटमेटलचे पार्ट, पॅकिंगची खोकी असलं सगळं. कोटेशन मागवायची, तीन-चार जणांची तुलना करायची, सगळ्यात कमीवाला म्हणजे एल वन काढायचा, मग त्या एल वनलाच समोर बसवून अजून दोन टक्के पाडायचे, ट्रान्सपोर्ट त्याच्या गळ्यात घालायचं. सुरुवातीच्या वर्षांत कंपनीनं आम्हाला दोन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं. हार्वर्डच्या रॉजर फिशर मंडळींनी १९८० च्या आसपास मांडलेली पद्धत तिथे शिकवली, की माणसं आणि प्रश्न वेगळे ठेवा, समोरचा काय मागतोय त्यापेक्षा का मागतोय ते बघा, आणि हे जमलं नाही तर आपण काय करणार तो दुसरा पर्याय आधीच तयार ठेवा. पद्धत चांगलीच आहे, मी आजही वापरते. पण ट्रेनरनं त्याचा सारांश काढला तो असा की टेबलावर भावना आणायच्या नाहीत, आणि आम्ही सगळ्यांनी वहीत तेवढंच लिहून घेतलं. खूप उशिरा कळलं की ह्याच फिशर यांनी पुढे २००५ मध्ये डॅनियल शपिरो ह्या मानसशास्त्रज्ञाबरोबर सविस्तर मांडलं होतं की भावना बाजूला ठेवता येतच नाहीत, आणि बहुतेक वेळा त्यांच्या मुळाशी चार-पाच गोष्टी असतात: आपली कदर होतेय का, आपल्याला आपलं मानतायत का, आपला निर्णय आपल्याला घेऊ देतायत का, आपला मान राखला जातोय का, आणि आपल्याला जे काम दिलंय त्याला काही अर्थ आहे का. हे मला आधी सांगितलं असतं तर एक माणूस मी गमावला नसता.

तो माझा व्हेंडर होता. भोसरीतच, सहा मशिनांचं वर्कशॉप, माल कधी रिजेक्ट नाही, डिलिव्हरी सांगितलेल्या तारखेला. २०१७ मध्ये आमच्यावर कॉस्ट रिडक्शनचं प्रेशर आलं तेव्हा साहेब म्हणाले, त्याला सांग दुसरा आठ टक्के कमीनं देतोय. दुसऱ्या कोणाचं असं कोटेशन नव्हतं. मी सांगितलं. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मॅडम, कोणाचं ते सांगू नका, पण खरंच आहे ना?" मी हो म्हटलं. त्यानं आठ टक्के कमी केले, त्यात त्याला काय उरलं असेल ते मला तेव्हाही माहीत होतं कारण त्याची कॉस्टिंग शीट माझ्याच कॉम्प्युटरमध्ये होती.

चार महिन्यांनी त्याला कळलं. एमआयडीसीत सगळे एकाच टपरीवर चहा पितात, कोणाचं कोटेशन कुठे गेलं ते लपत नाही. तो आला, आवाज चढवला नाही, हातातल्या पीओचा, म्हणजे पर्चेस ऑर्डरचा, सगळा माल पूर्ण केला, शेवटचं चलन सही करून घेतलं आणि म्हणाला नवीन पीओ काढू नका. आमचं काम म्हणजे त्याच्या धंद्याचा तिसरा हिस्सा होता. मी म्हटलं, रेट वाढवून देते, पहिल्यापेक्षाही जास्त देते. तर म्हणाला, "मी तुम्हाला विचारलं होतं मॅडम."

मी तेव्हा मनात म्हटलं, काय हा अव्यवहारी माणूस, एवढा धंदा सोडून चाललाय. आज वाटतं की त्या खोलीत त्याच्याइतकं स्पष्ट कोणालाच दिसत नव्हतं.

ह्यावर एक जुना प्रयोग आहे, जर्मनीत वेर्नर ग्यूट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये छापलेला. दोन माणसं, समजा शंभर रुपये. पहिल्यानं वाटणी सांगायची, मला इतके तुला इतके. दुसऱ्यानं फक्त हो किंवा नाही म्हणायचं. हो म्हटलं तर सांगितल्याप्रमाणे पैसे मिळतात, नाही म्हटलं तर दोघांनाही शून्य. कोरडा हिशोब केला तर दुसऱ्यानं दहा रुपयेही घ्यायला हवेत, फुकटचे तर आहेत. पण हा खेळ पुढे जगभर खेळून बघितला गेला आणि साधारण वीस टक्क्यांच्या खालची ऑफर आली की जवळपास निम्मी माणसं नाही म्हणतात, स्वतःचं नुकसान करून घेतात. २००३ मध्ये अॅलन सॅन्फी आणि सहकाऱ्यांनी हाच खेळ खेळणाऱ्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले, तर अन्यायाची ऑफर समोर आली की मेंदूतला किळस आणि वेदनेच्या वेळी जागा होणारा एक भाग जागा होत होता. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे, की तीच कमी ऑफर कॉम्प्युटरकडून आली तर लोक जास्त वेळा मुकाट घेत होते. पैसे तेवढेच, पण कॉम्प्युटरनं अपमान केलाय असं कोणाला वाटत नाही.

म्हणजे माझा व्हेंडर आठ टक्क्यांवर चिडला नव्हताच. स्टीलचा भाव पडला असता आणि मी दहा टक्के मागितले असते तर कुरकुरत का होईना दिले असते त्यानं. उलट बाजूनंही असंच आहे, स्टील महागलं म्हणून कोणी रेट वाढवून मागितला तर आमचे साहेबसुद्धा सही करतात, पण आमची लाइन अडकलीय हे ओळखून त्याच रात्री कोणी रेट वाढवला तर त्याचं नाव कायमचं लक्षात ठेवतात. कानेमान, क्नेत्श आणि थेलर ह्या तिघांनी १९८६ मध्ये कॅनडात लोकांना विचारलं होतं, दुकानदार बर्फ उपसायचं फावडं पंधरा डॉलरला विकतो, मोठ्या हिमवादळाच्या दुसऱ्या दिवशी त्यानं वीस डॉलर केले, हे योग्य का? ८२ टक्के लोकांनी अन्याय म्हटलं. आणि त्याच अभ्यासात, खर्च वाढला म्हणून भाव वाढवला तर लोकांना चालत होतं. आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी गेलं की टँकरचा भाव ऐकून सोसायटीच्या ग्रुपवर जे मेसेज पडतात त्यांचा संताप नेमका हाच असतो. भाव किती झाला ह्यापेक्षा तो माझ्या अडचणीवर बसवलाय का, हे माणूस आधी बघतो.

साहेबांची आणखी एक ट्रिक होती, खोटं रागावायची. फाइल टेबलावर आपटायची, खुर्ची मागे सारायची. काही वेळा चालायची, हे मी बघितलंय. व्हॅन क्लीफ आणि सहकाऱ्यांच्या २००४ च्या प्रयोगांतही समोरचा रागावलेला दिसला की लोक जास्त सोडत गेले. पण कोते, हिडेग आणि व्हॅन क्लीफ यांच्या २०१३ च्या कामात पुढचा भाग आहे, तो राग नाटकी वाटला की समोरचा उलट जास्त मागायला लागतो, कारण विश्वासच उडतो. मी स्वतः कधी फाइल आपटली नाही, पण साहेबांच्या शेजारी गप्प बसून राहिले, आणि त्याचंही मला आता वाईट वाटतं.

असो, सोसायटीकडे येते.

आमची बिल्डिंग १९८४ ची, तीन मजले, लिफ्ट नाही, स्लॅबमधून पाणी, कॉलमच्या सळया दिसायला लागलेल्या. कोथरूड, कर्वेनगर, एरंडवणं ह्या भागात आता गल्लोगल्ली हेच चाललंय, एका बाजूला पत्रे आणि दुसऱ्या बाजूला टॉवर. मी पर्चेसवाली म्हणून मला कमिटीत ओढलं. बिल्डरबरोबर मी चांगलं भांडले हे मी अभिमानानं सांगते, कार्पेटवर वाढीव एरिया, भाडं, शिफ्टिंग, कॉर्पस म्हणजे बिल्डरनं द्यायची एकरकमी रक्कम, बँक गॅरंटी, सगळं मुद्देसूद. तिथे खरंच भावना कमी होत्या, त्याला नफा हवा होता आणि आम्हाला घर, दोघांनाही ते माहीत होतं, संध्याकाळी आठला मीटिंग संपली की आम्ही एकत्र कॉफी प्यायचो.

अडलं ते पहिल्या मजल्यावर, काकांपाशी. वय ८१, सोसायटीचे पहिले सेक्रेटरी, दोन वर्षांत एका मीटिंगला आले नाहीत आणि संमतीपत्रावर सही करायला नकार. कायद्यानं त्यांच्यावाचून अडत नव्हतं. सहकार कायद्याच्या ७९अ खाली २०१९ मध्ये जे सुधारित निर्देश निघाले त्यात एकूण सभासदांच्या ५१ टक्के संमती पुरते, आमच्याकडे तेवीस सह्या होत्या. पण बिल्डर म्हणत होता पाडायच्या आधी सगळ्यांची सही आणा, एक घर कोर्टात गेलं तरी माझं लोन अडकतं. त्याचंही बरोबर होतं.

मग आम्ही केलं ते मला येत होतं तेच. वाढवत गेलो. आधी मजला, मग बाजू, मग दुसरं पार्किंग. प्रत्येक वेळी काका आधीपेक्षा जास्त गप्प आणि जास्त कडक होत गेले. मला कळेना, रेट वाढवला की माणूस जवळ यायला हवा, हे दूर का चाललेत?

त्या पार्किंगच्या पत्रानंतर मी रात्री उशिरापर्यंत वाचत बसले आणि मला जेरेमी गिंजेस आणि स्कॉट अॅट्रान यांचं २००७ मधलं काम सापडलं. त्यांनी इस्रायली वसाहतींमधल्या लोकांना आणि पॅलेस्टिनी निर्वासितांना आणि विद्यार्थ्यांना काल्पनिक शांतता करार दाखवले. जमीन, जेरुसलेम, घरी परतायचा हक्क असल्या गोष्टी ज्यांच्यासाठी पवित्र होत्या, त्यांना करारात वरून पैशांची मदत देऊ केली की त्यांचा राग आणि विरोध वाढत होता, कमी होत नव्हता. आणि समोरच्या बाजूनं पैसे न देता स्वतःचं काहीतरी पवित्र मानलेलं सोडलं, एखादी गोष्ट मान्य केली, तर विरोध खाली येत होता. तिथे माणसं मरतायत आणि आमच्याकडे एक बिल्डिंग होती, त्यांची तुलना मी करत नाहीये आणि करणारही नाही. पण पैसे वाढवले की राग वाढतो हे वाक्य मी तीन वेळा वाचलं. मानसशास्त्रज्ञ फिलिप टेटलॉक यांचंही ह्यावर बरंच काम आहे, की काही गोष्टींची किंमत विचारणं हाच माणसाला गुन्हा वाटतो, उत्तर देणं तर लांबच. आपण कोणाला विचारतो का, की तुमच्या वडिलांचं नाव केवढ्याला द्याल?

तरी कमिटीत मला लगेच कोणी ऐकलं नाही. पैसे नाहीत तर दुसरं हत्यार काढू म्हणाले, आणि ते होतं तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचं. आजींचे गुडघे गेलेत, लिफ्ट नाही म्हणून दोन वर्षं त्या खाली उतरलेल्या नव्हत्या, हे खरंच होतं. ठरलं असं की आजींचा मुलगा आणि चार बायका काकांच्या दारात जातील आणि सांगतील, तुमच्या एका सहीसाठी ही बाई कोंडून पडलीय. मी त्या दिवशी पहिल्यांदा कमिटीत नाही म्हटलं आणि का म्हटलं ते मला नीट सांगता येत नव्हतं. आज सांगायचा प्रयत्न करते.

पुण्यात राहणाऱ्यानं ह्या विषयावर बोलताना पुणे कराराला वळसा घालून जाऊ नये. १९३२ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश पंतप्रधान मॅकडोनाल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला, त्यात अस्पृश्य मानलेल्या समाजाला प्रांतिक कायदेमंडळांत ७१ जागा, त्या स्वतंत्र मतदारसंघातून, आणि वर सर्वसाधारण मतदारसंघातही एक मत. गांधीजींनी त्याविरुद्ध २० सप्टेंबरला येरवडा तुरुंगात प्राणांतिक उपोषण सुरू केलं आणि २४ सप्टेंबरला करारावर सह्या झाल्या. जागा ७१ च्या १४८ झाल्या, स्वतंत्र मतदारसंघ आणि ते दुसरं मत गेलं. शाळेत आम्हाला आकडा सांगितला होता, दुपटीहून जास्त, म्हणजे फायदाच. पण बाबासाहेबांनी पुढे १९४५ मध्ये ह्या सगळ्यावर किती कठोर लिहिलं ते वाचलं की कळतं की आकडा दुप्पट होऊनही माणसाला आपल्याकडून काहीतरी काढून घेतलं गेलंय असं का वाटू शकतं. एका बाजूला समोरच्या माणसाचा जीव आणि तो गेला तर गावोगावच्या वस्त्यांवर काय ओढवेल ही धास्ती, दुसऱ्या बाजूला आपल्या लोकांचा नुकताच मिळालेला हक्क. गांधीजींच्या बाजूनं तो आतून आलेला नैतिक आग्रह होता ह्याबद्दल मला शंका नाही. तरी त्या चार दिवसांत समोरच्याला नाही म्हणायला जागा किती उरली होती, हा प्रश्न मला सोडत नाही, आणि हे वाचणाऱ्यांतल्या काहींचं मत वेगळं असेल तर मी ते समजू शकते.

आणि एवढं मोठं कशाला, माझ्या घरातलंच सांगते. माझ्या आईनं २०११ मध्ये माहेरच्या घरावरचं हक्कसोडपत्र सही केलं. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हक्क देणारी दुरुस्ती देशभर २००५ मध्ये झाली होती, आपल्या महाराष्ट्रात तर १९९४ पासूनच तसा कायदा होता, आईला हे माहीत होतं, ती बँकेत नोकरीला होती. मामा वाईट माणूस नाही. त्यानं एवढंच म्हटलं, ताई, तुला काय कमी आहे, आणि भाऊबीजेला तू कुठे येणार मग? आई हसून सही करून आली. त्यानंतर ती प्रत्येक भाऊबीजेला गेली, पण परत आली की दोन दिवस कमी बोलायची. प्रेम, कर्तव्य, लाज ह्यांच्यावर बोट ठेवून सही मिळते, पटकन मिळते, पण ज्यानं दिली तो ती वर्षानुवर्षं मनात फेडत राहतो. आजींचं दुखणं काकांच्या दारात उभं करायला मी म्हणून नाही म्हटलं.

मग मी एकटीच गेले, आणि निमित्त वेगळं होतं. कन्व्हेयन्सच्या, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करायच्या, कागदांसाठी सोसायटीचं जुनं दप्तर लागत होतं आणि ते अजून काकांच्याच कपाटात होतं. त्यांनी न कुरकुरता एक लोखंडी ट्रंक काढली, सगळं व्यवस्थित, वर्षाप्रमाणे दोऱ्यानं बांधलेलं. मी कागद चाळत होते आणि त्यांनी एक इतिवृत्ताची वही उघडून माझ्यासमोर धरली, १९९६ ची वार्षिक सभा. गच्चीवरच्या टाकीच्या दुरुस्तीचा खर्च ३८,००० रुपये, आणि खाली निळ्या शाईत वाक्य, "सदर खर्चाचा हिशोब समाधानकारक आढळून आला नाही." पुढच्या सभेत ते वाचून कायम केलेलं. त्याच आठवड्यात काकांनी सेक्रेटरीपद सोडलेलं.

वहीत एक झेरॉक्स खोचलेली होती. पुढच्या वर्षीच्या ऑडिटरनं कॉन्ट्रॅक्टरकडून बिलाची दुसरी प्रत मागवली होती, ३८,००० बरोबर जुळत होते, ऑडिट रिपोर्टात तसं एका ओळीत लिहिलंही होतं. पण रिपोर्ट कोण वाचतं? इतिवृत्तातलं वाक्य तसंच राहिलं. काका म्हणाले, "माझ्या मुलीच्या लग्नात ह्याच बिल्डिंगमधली माणसं कुजबुजत होती की खर्च कुठून झाला असेल. आता तुम्ही ही वहीसुद्धा भंगारात घालणार, मग ते कधीच दुरुस्त व्हायचं नाही. आणि वर तुम्ही मला पार्किंग देता!"

मला घाम फुटला. ज्या माणसावर पैसे खाल्ल्याचा संशय घेतला त्याच्याच दारात आम्ही तीनदा जाऊन सांगितलं होतं, की तुला वेगळं काहीतरी देतो, बाकीच्यांना सांगू नको. दुसऱ्या पार्किंगचं पत्र खरंच गुपचूप द्यायचं ठरलं होतं.

इथून पुढचे दोन महिने मी आयुष्यातली सगळ्यात अवघड वाटाघाट केली आणि ती तीन ओळींवर होती. मला वाटलं होतं सोपं आहे, सभेत ठराव घ्यायचा, माफी मागायची, झालं. पण १९९६ मध्ये तो प्रश्न ज्यांनी उठवला होता ते वारलेत आणि त्यांचा मुलगा दुसऱ्या मजल्यावर राहतो. त्याला कळल्यावर तो माझ्यावर प्रचंड चिडला. म्हणाला, माझ्या बाबांनी पावती मागितली, सभासद म्हणून त्यांचा तो हक्क होता, आता ते उत्तर द्यायला नाहीत तर तुम्ही त्यांना खोटं ठरवणार? आणि त्याचंही खरं होतं! पावती त्या दिवशी खरंच नव्हती. म्हणजे एका बाजूला जिवंत माणसाचं नाव, दुसऱ्या बाजूला मेलेल्या बापाचं, आणि दोघांच्या मधे मी एक कागद घेऊन जिना चढ-उतर करत होते.

पहिल्या मसुद्यात "माफी" होतं, मुलगा नाही म्हणाला. दुसऱ्यात "दिलगिरी" घातलं, तर काका म्हणाले दिलगिरी रेल्वे लेट झाली की व्यक्त करतात. तिसऱ्यात "गैरसमज" शब्द आला तो दोघांनाही आवडला नाही, मुलाला वाटलं बाबांना अक्कल नव्हती असा अर्थ होतो, काकांना वाटलं जे झालं ते इतकं लहान नव्हतं. शेवटी मी विशेषणं सगळी काढून टाकली आणि फक्त काय झालं ते क्रमानं लिहिलं. १९९६ च्या सभेत एका सभासदानं नियमाप्रमाणे खर्चाची पावती मागितली, ती त्या दिवशी उपलब्ध नव्हती. पुढील लेखापरीक्षणात बिल मिळाले व खर्च पूर्णपणे बरोबर असल्याचे आढळले. ही बाब त्याच वेळी इतिवृत्तात नोंदवायला हवी होती, ती संस्थेने नोंदवली नाही, आज नोंदवत आहे. म्हणजे चूक कोणाची, तर संस्थेची, म्हणजे आमची सगळ्यांची. मुलानं दोनदा वाचलं आणि म्हणाला, "नियमाप्रमाणे" हा शब्द राहू दे. काकांनी वाचलं आणि "पूर्णपणे" ह्या शब्दाखाली बोट फिरवलं.

सभेत तो ठराव वाचायला चार मिनिटंही लागली नाहीत. सूचक म्हणून मीच उभी राहिले, आणि अनुमोदन कोण देणार असं चेअरमननी विचारल्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या त्या मुलानं हात वर केला. हे मी त्याला सांगितलेलं नव्हतं, मला माहीतही नव्हतं. काका भिंतीला टेकून बसले होते, त्यांनी मान हलवली, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी संमतीपत्र सही करून आमच्या दाराच्या कडीला पिशवीत अडकवलेलं मिळालं. पार्किंग एकच लिहिलेलं, आणि मजल्याच्या जागी "सोडतीप्रमाणे".

मला इथे थांबता आलं असतं, पण एक अर्धवट राहिलेली गोष्ट आहे आणि ती मला टोचते.

त्या पिशवीत आणखी एक चिठ्ठी होती. आमचा वॉचमन, त्याची बायको आणि दोन मुलं जिन्याखालच्या खोलीत एकोणीस वर्षं राहत होती. तो सभासद नाही, भाडेकरू नाही, त्यामुळे करारात त्याचं नाव कुठेच नाही, आणि बिल्डरशी मी इतके महिने भांडले त्यात मला तो एकदाही आठवला नव्हता. आठवला काकांना. चिठ्ठीत होतं, प्रत्येक घरानं दहा हजार काढावेत, मी माझे आजच देतो. चोवीस घरं, दोन लाख चाळीस हजार. ह्यावर ग्रुपवर जे झालं ते मी इथे लिहीत नाही, पण कॉर्पसचे लाखो रुपये वाढवून घेताना जे लोक माझ्या पाठीशी उभे होते त्यातल्याच काहींनी विचारलं, हे कोणत्या कलमाखाली द्यायचं? कलम नाहीच. त्याची बाजू मांडायला त्याच्याकडे एल वन नव्हता, सही नव्हती, दुसरा पर्याय नव्हता, आणि तो कोणाच्या दारात आलाही नाही.

आजपर्यंत सतरा घरांनी पैसे दिलेत. एक लाख सत्तर हजार त्याच्या खात्यात जमा झाले, वारज्यात त्यानं एक खोली घेतलीय भाड्यानं, मुलीची शाळा बदलू नये म्हणून जवळच. उरलेल्या सात जणांना मी दर रविवारी एक फोन करते. आजीचं नाव घेत नाही, शाळेतल्या मुलीचं नाव घेत नाही, लाज वाटेल असं काही बोलत नाही. तो एकोणीस वर्षं रात्री दोनला गेट उघडायचा आणि पाण्याची मोटर पहाटे पाचला लावायचा, एवढं सांगते आणि आकडा सांगते. परवा अठरावा म्हणाला, विचार करतो, पुढच्या आठवड्यात कर फोन.